जुन्या जीपचा मागचा एक्सल ओळखणे आणि बदलणे: डिसेंबर ते जुलै, झालं तसं

ज्यांच्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), एक्सल असं खालचं सगळं बदलायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिनबद्दल सांगणारे गावोगाव भेटतात. पण भंगारात पडलेला मागचा एक्सल नेमका कुठला, आपल्या गाडीला बसेल का, त्याचा रेशो (गिअरच्या दातांचं प्रमाण) काय, हे एका जागी सांगणारं मला कोणी भेटलं नाही, थोडं याच्याकडून थोडं त्याच्याकडून असं कळत गेलं आणि त्यात महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

गाडी एमएम ५४०, फोरबाय फोर (चारही चाकांना जोर देता येतो अशी), पासिंग लातूरचं, एमएच २४, जून १९९० ची. अण्णांच्या नावावर आहे. इंजिन पेजोचं एक्सडीपी ४.९०, त्यातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये, २११२ सीसी. इंजिनचं काम आधीच झालेलं होतं आणि ते आजही छान चालतं. दुखणं सगळं त्याच्या मागे होतं. दुसरा गिअर उतारावर सुटायचा, आणि मागून आवाज यायचा.

३० डिसेंबर २०२४ ला येळवस (वेळ अमावस्या) होती, तेव्हा घरची मंडळी घेऊन शेतात गेलो तर तो आवाज एवढा वाढला की मागं बसलेल्यांना बोलणं ऐकू येईना. ॲक्सिलरेटर दाबला की घूंऽऽ आणि सोडला की गप्प. हे लक्षात ठेवा, कामाचं आहे. दाबल्यावर आवाज आणि सोडल्यावर शांत, म्हणजे बहुतेक वेळा क्राऊन-पिनियनच्या (एक्सलमधलं मोठं चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) दातांची ओढणारी बाजू झिजलेली असते. दोन्ही वेळेला येतो तर पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा, आणि वळणावर आवाज बदलला तर चाकाचं बेअरिंग बघायचं. आमच्याकडे पहिला प्रकार होता.

औशाला एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात, त्यांच्याकडे २ जानेवारीला गाडी नेली. मागचं झाकण उघडलं तर तेलात चांदीसारखा चुरा आणि पिनियनच्या दोन दातांचे टवके उडालेले. क्राऊनवर खड्डे. चाचा म्हणले, याला आता शिम (पातळ चकती) टाकून काही होत नाही. गिअरबॉक्स उघडून बघितला तर त्यातही दुसऱ्या गिअरचे दात गोल झालेले, आणि ट्रान्सफर केसमध्ये शाफ्ट हलत होता. म्हणजे इंजिन सोडून सगळंच. त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत, मलाही झोप नीट लागली नाही, कारण त्यात अजून एक तारीख डोक्यावर होती. आरसीची मुदत १८ जून २०२५ ला संपत होती. खाजगी गाडीला आधी १५ वर्षं आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यूअल असतं, त्यासाठी गाडी आरटीओत चालवत न्यावी लागते, ब्रेक दाखवावे लागतात. गाडी उभी राहिली तर रिन्यूअल लटकणार, आणि मुदत गेलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही.

काम सुरू करायच्या आधी जानेवारीच्या शेवटी मी आरटीओत जाऊन विचारून आलो, आणि हे तुम्ही पण करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच आणखी कडक करून सांगितलंय. खिडकीवरच्या साहेबांना सरळ सांगितलं, इंजिनला हात लावणार नाही, गिअरबॉक्स आणि एक्सल याच मॉडेलचे जुने बसवणार आहे. ते म्हणले इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, इंधन, व्हीलबेस, बॉडी, सीटं, हे आरसीवर आहे तसं दिसलं पाहिजे, आणि पार्ट घेतल्याची पावती जवळ ठेवा. एवढं ऐकून बरं वाटलं. दुसरं इंजिन, दुसऱ्या कंपनीचा एक्सल, लांबी कमी-जास्त करणं असलं काही डोक्यात असेल तर आधी लेखी परवानगीचं विचारा, मग पाना हातात घ्या.

आता रेशोचं. आमच्या गाडीचे दात मोजले तर क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंतचा लांब दांडा) ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा. शेतात, चिखलात हे मस्त, पण लातूर-सोलापूर रोडला लागलं की इंजिन ओरडतं. टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या जरा वर गेली. त्या हिशेबाने टॉप गिअरला ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण २३७० फेरे घेतं. क्राऊन ३९ आणि पिनियन ८ असेल तर रेशो ४.८८ आणि त्याच स्पीडला २१५०. ४७ ला ११ म्हणजे ४.२७ असेल तर १८८०. बरेच जण ४.२७ च्या मागे लागतात. मला ते पटलं नाही, ही गाडी पावसाळ्यात काळ्या रानातून खताची पोती घेऊन जाते, तिथं पहिल्या गिअरला जोर पाहिजे. म्हणून ४.८८ शोधायचं ठरवलं.

इथं एक गोष्ट सांगतो जिच्यामुळे पैसे वाचू शकतात. या जीपचा मागचा एक्सल डाना कंपनीच्या ४४ या जातीचा. त्यात ३.७३ आणि त्याच्या खालच्या रेशोला आतला डिफरन्शियलचा (वळणावर डावं-उजवं चाक वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) डबा वेगळा आणि ३.९२ पासून वरच्यांना वेगळा. ४.२७, ४.८८, ५.३८ हे तिन्ही वरच्या गटात आहेत. म्हणजे तुमचं हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच), शाफ्ट, ब्रेक सगळं ठणठणीत असेल तर पूर्ण एक्सल घ्यायची गरजच नाही, त्याच डब्यावर दुसरं क्राऊन-पिनियन बसतं. आमच्या हाऊसिंगला पाट्याच्या (स्प्रिंगच्या) बैठकीजवळ वेल्डिंगला तडा होता, म्हणून पूर्ण एक्सल शोधावा लागला.

फेब्रुवारी सगळा शोधण्यात गेला. लातूर, नांदेड, सोलापूर, जिथं जुना माल मिळतो तिथं. दुकानदार फोनवर म्हणतो, हां आहे ना जीपचा एक्सल, या. जाऊन बघावं तर काळ्या मातीचा इंचभर थर चढलेले चार-पाच एक्सल एकावर एक पडलेले आणि सगळ्यांना नाव एकच, जीपचा. रेशोची पत्र्याची छोटी पट्टी झाकणाच्या बोल्टखाली असायची ती तीस-पस्तीस वर्षांत कोणाची राहत नाही. चाचांनी निघताना एकच सांगितलं होतं, बेटा, पयले दात गिन, फिर पैसे गिन. सोबत तारेचा ब्रश, खडू, टेप, व्हर्नियर, टॉर्च, ११ ते १९ चे पाने आणि जुनी धोतरं एवढं नेत जा, दुकानदाराकडं काही मिळत नाही.

पहिलं बघायचं, हाऊसिंगची जात. मागून बोल्टचं झाकण निघतं आणि मधला भाग ओतीव लोखंडाचा, त्यात दोन्हीकडून नळ्या घुसवलेल्या, तर तो आपल्या कामाचा प्रकार. ॲम्बॅसॅडरचा एक्सल बॅन्जो प्रकारचा, त्याची पाठ गोल आणि बंद असते, डिफरन्शियल पुढून निघतं. असा एक मला जीपचा म्हणून दाखवला होता. डाना ४४ च्या झाकणाला १० बोल्ट असतात आणि झाकण पूर्ण गोल नसतं, कोपरे मारल्यासारखं असतं. ब्रशने नीट घासलं तर ओतीव भागावर उठावात ४४ हा आकडा सापडतो बऱ्याचदा.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळा, म्हणजे डिफरन्शियलचा फुगीर भाग, कुठं आहे. आमच्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्ट गाडीच्या मध्यावर निघत नाही, एका बाजूला सरकून निघतो, म्हणून एक्सलचा गोळाही तेवढाच बाजूला असतो. टू-व्हील ड्राईव्ह सवारी गाड्यांना गिअरबॉक्समधून शाफ्ट सरळ मागं जातो, त्यांचा गोळा मध्यात असतो. बाकी सगळं सारखं दिसतं, म्हणून लोक फसतात. मध्यातला एक्सल आपल्या गाडीला पाट्यावर बसेलही, पण प्रोपेलर शाफ्ट तिरका जाणार आणि शाफ्टच्या जॉइंटमधले क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) टिकणार नाहीत. नुसत्या डोळ्यावर जाऊ नका, पिनियनच्या मध्यापासून दोन्हीकडच्या ब्रेक प्लेटपर्यंत टेप लावा आणि घरच्या एक्सलचे आकडे लिहून आणलेत त्याच्याशी जुळवा. पाट्याच्या दोन बैठकांमधलं अंतर पण मोजायचं, आणि ड्रमपासून ड्रमपर्यंतची पूर्ण रुंदी. हे सगळे आकडे मी मोबाईलमध्ये न ठेवता हातावर पेनने लिहून न्यायचो, ग्रीसच्या हाताने मोबाईल उघडत नाही.

तिसरं, शाफ्ट. या जुन्या एक्सलच्या शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब (चाक लावायचा मधला भाग) चावीने, म्हणजे खाचेतल्या लोखंडी पट्टीने, बसतो आणि मोठा नट. काही एक्सलना शाफ्टला अखंड फ्लॅंज असते, नट दिसत नाही. आतल्या टोकाला खाचा मोजाव्या लागतात, डाना ४४ मध्ये १०, १९ आणि ३० खाचांचे शाफ्ट येतात, आणि खाचा नाही जुळल्या तर तुमच्याकडचा चांगला शाफ्ट त्यात चालणार नाही. गोळा बाजूला असल्यामुळे डावा आणि उजवा शाफ्ट वेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा सुटे शाफ्ट घेताना जोडी बघून घ्या. चाकाचे बोल्ट ५ आणि त्यांचं वर्तुळ साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, तेही बघून घ्यायचं.

चौथं, रेशो. झाकण न उघडता अंदाज काढायचा असेल तर एक बाजू घट्ट धरायची आणि दुसरीकडचा ड्रम पूर्ण २ फेरे फिरवायचा, तेवढ्यात पिनियनचा फ्लॅंज जितके फेरे घेईल तो रेशो. एकच बाजू फिरत असल्यामुळे आतला डबा अर्ध्या वेगाने फिरतो म्हणून २ फेरे. पण ४.८८ आणि ५.३८ मधला फरक असा नीट कळत नाही, नजर चुकते. ड्रम २० फेरे फिरवा आणि फ्लॅंज मोजा, ४९ च्या आसपास आले तर ४.८८ आणि ५४ च्या आसपास तर ५.३८. एकाने फिरवायचं एकाने मोजायचं. मात्र पैसे द्यायच्या आधी झाकण उघडाच. दुकानदार कुरकुर करतो, गॅस्केट फाटतं म्हणतो, त्याला गॅस्केटचे पैसे द्या. क्राऊनच्या कडेला दातांचे आकडे ठोकलेले असतात, आणि क्राऊन-पिनियन एकाच सेटचे आहेत का ते दोन्हीवर कोरलेल्या जुळणाऱ्या नंबरवरून कळतं. नंबर वेगळे असतील तर कोणीतरी जोड लावलेला आहे, तो आवाज करणार. एका दातावर खडू लावून क्राऊनचे दात स्वतः मोजा. तेलही बघा, दुधासारखं झालं असेल तर पाणी गेलेलं आहे आणि बेअरिंग गंजलेले असतात. शेवटी दोन्ही टोकांना सुतळी ताणून हाऊसिंग वाकलंय का ते बघायचं, उसाच्या गाडीखाली चाललेला एक्सल बऱ्याचदा मधून बसलेला असतो.

८ मार्चला नांदेडकडं एका ठिकाणी माझ्याच मॉडेलची तोडलेली जीप मिळाली. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल, मागचा एक्सल, सगळं एकाच गाडीचं म्हणून. मागचा उघडला, ३९ ला ८, नंबर जुळलेले, दात चांगले. पुढचा फिरवून बघितला तर आकडा जमेना, मग उघडला तर ४३ ला ८. म्हणजे मागे ४.८८ आणि पुढे ५.३८. दुकानदार म्हणे गाडी तर चालत आली होती माझ्याकडं. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. आधीच्या कोणीतरी मागचं क्राऊन-पिनियन बदललं आणि गाडी टू-व्हीलमध्येच चालवली, त्यात हा फरक कधी समजतच नाही. पण फोरबाय लावला की या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं, आणि मग पुढची चाकं आणि मागची चाकं दहा टक्के वेगळ्या स्पीडने पळायला बघतात. चिखलात चाक घसरून भागतं, डांबरावर काहीतरी तुटतं. म्हणून ज्याची गाडी फोरबाय आहे त्याने मागचा एक्सल एकटा कधीच ओळखू नये, पुढच्यासोबत जोडीनेच ओळखावा. माझं सगळ्या लिहिण्यातलं एवढं जरी कोणी लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी पुढचा सोडून बाकीचं घेतलं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून २८,०००, मागचा एक्सल ड्रमसकट १४,०००, औशापर्यंत टेम्पो ३,५००. पावतीवर त्या जुन्या गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर लिहून घेतला आणि तिची नोंदणी रद्द केल्याच्या कागदाची झेरॉक्स मागितली. कागद देत नसतील तर माल कितीही चांगला असो, सोडा. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर निस्तरायला आपणच असतो.

आता मागे ४.८८ येणार म्हणून आमच्याच गाडीच्या पुढच्या एक्सलसाठी ३९ ला ८ चं नवं क्राऊन-पिनियन दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या मार्केटमधून मागवलं, ९,५०० आणि कुरियर वेगळं. पैसे पाठवायच्या आधी व्हिडिओ कॉलवर दात मोजायला लावले, आणि आपल्या पुढच्या एक्सलचे झाकण उघडून बोल्टच्या भोकांचे फोटो पाठवले. ते यायला तीन आठवडे लागले. मध्ये रमजान होता, चाचा रोजे धरून भट्टीसारख्या शेडमध्ये किती काम करणार, त्यांनी आधीच सांगितलं होतं ईद झाल्यावर हात लावू. ३० मार्चला पाडवा, दुसऱ्या दिवशी ईद. त्या वेळात मी सगळा एक्सल डिझेलने धुवून घासून ठेवला, तेवढी मजुरी वाचली आणि पार्ट पण ओळखीचे झाले.

३ एप्रिलला काम सुरू. एक सावधगिरी सांगतो. आमच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर आहे, म्हणजे तो प्रोपेलर शाफ्टला धरतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी मोकळी. शाफ्टच्या बोल्टला हात लावायच्या आधी चारही चाकांना लाकडाचे ठोकळे लावा आणि स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कोणी गाडीखाली शिरू नका.

हब काढायला पुलरच लागतो. हातोडीने ठोकून काढणारे मिस्त्री खूप आहेत, पण तो मार शाफ्टमधून आतल्या बेअरिंगपर्यंत जातो. पुलर आवळून ठेवायचा, रात्रभर तसाच राहू द्यायचा, सकाळी ठकन आवाज करून हब सुटतो. आमचा एक तसाच सुटला. बसवताना निमुळत्या टोकावर आणि हबच्या भोकात तेलाचा अंश नको, चावी नवी घ्या, शाफ्टचा नट निदान २०० न्यूटन मीटरला आवळा, आणि कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. शंभरेक किलोमीटर चालल्यावर हा नट परत तपासा.

क्रॉस घेताना नुसतं जीपचा क्रॉस म्हणू नका, व्हर्नियरने टोपीचा व्यास मोजा. आमचा २७ मिमीचा निघाला, १३१० सिरीजचा, त्याच्याहून मोठ्या १३५० चा ३०.२ असतो. चार क्रॉस २,६००.

पुढचं क्राऊन-पिनियन सेट करणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. चाचांनी शेंदूर तेलात कालवून दातांवर लावला, फिरवला, दातावर ठसा कुठं उमटतो ते बघितलं, परत उघडलं, शिम बदलला, परत शेंदूर. ठसा दाताच्या मध्यावर यायला पाहिजे, टोकाला किंवा बुडाशी आला तर पिनियन आत-बाहेर करावं लागतं. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल लावून ०.१५ मिमी ठेवला. मी दोन दिवस तिथं नुसता बसून बघत होतो, एवढ्या धीराने काम करणारा माणूस मी जवळून बघितला नव्हता. शेंदूर म्हणजे शिसं असतं, तेव्हा हात साबणाने धुवून मगच भाकरीला बसायचं. मागचा सेट एकत्र आलेला असल्यामुळे तो तसाच ठेवला, फक्त बेअरिंग, सील आणि गॅस्केट नवे. दोन्हीकडचे बेअरिंग-सील-शिम मिळून ७,८०० आणि मजुरी १२,०००. तेल ईपी ९०, भरण्याच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत.

जाता जाता, एक्सलवर हवा जायची छोटी नळी असते ती बघा. आमच्याकडची काळी माती तिथं बसली की ती बंद होते, एक्सल तापला की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून ब्रेकच्या शूवर येतं. जुन्या एक्सलचे दोन्ही शू तेलकट होते त्याचं कारण हेच निघालं. चार आण्याची वस्तू, पण पासिंगला ब्रेकच लागले नाहीत तर सगळं अडतं.

२२ एप्रिलला गाडी जमिनीवर आली. पहिले पंचवीस किलोमीटर हळू, मग थांबून हात लावून बघायचं गोळा किती तापलाय, थंड झाल्यावर परत. नवीन क्राऊनला सुरुवातीला ओझं देऊ नका, आणि ८०० किलोमीटरला तेल बदला. आवाज नव्हता. अण्णा औशापासून घरापर्यंत शेजारी बसले होते, उतरताना बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणले, जमलं रे. माझा तिथंच सगळा शीण गेला.

स्पीडोमीटरचं मात्र ध्यानात ठेवा. या गाडीत त्याची केबल ट्रान्सफर केसवरून जाते. एक्सलचा रेशो ५.३८ चा ४.८८ झाला की शाफ्ट कमी फिरतो आणि काटा कमी दाखवतो. काटा ६० वर असला की गाडी खरी ६६ वर असते. मी मोबाईलच्या जीपीएसवर ताडून काचेवर छोटी चिठ्ठी लावलीय, गाडी घरातले इतर जण पण चालवतात म्हणून.

मग कागद. रिन्यूअलचा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, फॉर्म २५, परिवहनच्या पोर्टलवर. पहिल्याच पायरीला अडलो, आरसीला अण्णांचा मोबाईल नंबर जोडलेला नव्हता त्यामुळे ओटीपी येईना, आधी नंबर अपडेट केला, त्यात आठवडा गेला. हे काम आजच करून ठेवा, गाडी विकायची असो की ठेवायची. फी त्या वेळेला ५,००० होती. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या अशा गाड्यांना ती १०,००० झाली, तेव्हा हिशेब करताना नवीन आकडा धरा. पर्यावरण कर वेगळा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू पाहिजे. महाराष्ट्रात एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटही लावायची होती, चारचाकीला जीएसटी धरून ८७९ रुपये १० पैसे, तिची अपॉइंटमेंट मे च्या मध्यावर मिळाली.

मे मध्ये आमच्याकडं पाऊसच सुरू झाला, उन्हाळ्यासारखा उन्हाळा राहिलाच नाही, रानात चिखल. त्यामुळे फोरबाय तपासायला वेगळं कुठं जावं लागलं नाही. पुढचे हब लॉक करून (म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडून), लो रेंजमध्ये, ओल्या रानातून पोती घेऊन गाडी सरळ निघाली, कुठं ओढाताण नाही, फोरबायचा दांडा काढताना अडकला नाही. पुढे-मागे रेशो वेगळे असते तर कोरड्यावर आल्यावर तो दांडा निघतच नाही, हीच ओळख.

४ जूनला आरटीओत तपासणी. चेसिस नंबर दिसत नव्हता, रंगाखाली दबलेला, सकाळी सहाला उठून पॉलिश पेपरने घासून पेन्सिलने त्याची प्रिंट काढून नेली. इन्स्पेक्टर साहेबांनी इंजिन नंबर, चेसिस नंबर, लाईट, हॉर्न, वायपर, ब्रेक, हँडब्रेक बघितला. खाली वाकून एक्सल बघितला आणि विचारलं नवीन काम दिसतंय. पावती दाखवली, सांगितलं याच मॉडेलचा आहे. त्यांनी टेपने व्हीलबेस मोजून घेतला, आरसीशी जुळला, पास. आत गेल्यापासून बाहेर यायला दुपारचे तीन वाजले, सोबत पाणी आणि भाकरी न्या.

नवी आरसी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आली, मुदत जून २०३० पर्यंत. सगळे पार्ट, मजुरी, टेम्पो मिळून ऐंशी हजारांच्या आसपास गेले, कागदांचे वेगळे. ८०० किलोमीटरला दोन्ही एक्सलचं तेल काढलं तेव्हा पुढच्यात बारीक राखाडी गाळ होता, नवीन दात घासून बसताना एवढा येतो असं चाचा म्हणले, मागचं तेल स्वच्छ. मागचा जुना ५.३८ चा सेट फेकला नाही, त्यातले स्टार गिअर (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर) आणि डबा चांगला आहे. कोणाच्या मागच्या एक्सलला लागत असेल तर आधी स्वतःच्या शाफ्टच्या खाचा मोजा आणि मग कळवा.